न इझणारा दिवा

"आवं, एक दीस एक रात म्हंजी एक दीस एक रात. तुमच्या बानं तुमाला शिकिवलं, त्यांच्या बानं त्यास्नी शिकिवलं, आन तुमी अठरा तासात पोराला पेवात सोडलं. नातू हुता का पोतं हुतं त्ये?"

साळूबाई दवाखान्याच्या व्हरांड्यात उभी ऱ्हाऊन नवऱ्याला झाडत हुती. नवरा, केरबा, अडुसष्ट वर्साचा म्हातारा, बाकड्याच्या टोकाला पाय जवळ ओढून बसल्याला. वर बघतच नव्हता. "चुकलं," म्हणायचा. साळूबाई म्हणायची, चुकलं म्हणून भागतंय व्हय? त्यो परत म्हणायचा, चुकलं. तीन दिवस झालं, म्हाताऱ्याच्या तोंडात दुसरा शबूद न्हाई. आत काचंच्या पल्याड त्यांचा नातू साईराज, बावीस वर्साचं दांडगं पोरगं, नाकातोंडात नळ्या घालून पडल्यालं.

आन त्या नवराबायकोच्या मधी, हातात मोसंब्यांची पिशवी धरून, उदयसिंह उभा. चूक कुणाची हाय, ह्ये त्या सगळ्या व्हरांड्यात एकट्या त्यालाच ठावं हुतं.

साळूबाईचं ध्यान त्याच्याकडं गेलं तशी तिनं आवाज उतरवला, डोईवर पदर घेतला. "बसा सायेब," म्हणली. "तुमी हुता म्हणून माझं पोरगं हितवर तरी आलं. न्हाईतर ह्यांनी मातीतच घातलं हुतं."

उदयसिंह बसला न्हाई. बसायला तोंड न्हवतं.

ह्यो उदयसिंह कोरेगावकडचा. बावीस वर्सं फौजेत काढून हवालदार म्हणून घरी आल्याला. पेन्शन घिऊन पारावर पत्तं कुटणाऱ्यातला गडी न्हवं. पुण्याला जाऊन सेफ्टीचा कोर्स केला आन सांगलीत जवाहर शेठच्या हळदीच्या गोदामात सेफ्टी सुपरवायझर म्हणून लागला. शेठ तीन पिढ्यांचा हळदीचा व्यापारी, देवळात जाऊन आल्याबिगर गोदामाचं कुलूप न काढणारा जैन माणूस. त्याच्याकडं नदीच्या अंगाला जुनी दोन पेवं उरली हुती. पेव म्हंजी जमिनीच्या पोटातली कोठी. वर तोंड एवढंसं, गड्याला खांदं आवळून उतराया लागतं, आन खाली पोट थोरलं, रांजणावानी. त्यात वाळल्याली हळकुंडं भरून वरनं मातीनं लिंपून टाकायची. दोन-दोन वर्सं किडा लागत न्हाई, रंग उतरत न्हाई. महापुरात बरीच पेवं खचली, आता समदी हळद कोल्ड स्टोरेजात जाती. पण शेठला परदेशातलं एक गिऱ्हाईक भेटलं, त्याला पेवातलीच हळद पायजे. आन त्याच गिऱ्हाइकाला सेफ्टीचा कागद बी पायजे. माल पणजोबाच्या पद्धतीचा आन कागद कालचा, अशी त्याची तऱ्हा. म्हणून उदयसिंहाला ठेवल्याला.

उदयसिंहानं काम मन लावून केलं, ह्यात खोटं न्हाई. हातात वही आन पेन्सील घिऊन आठ दिवस गोदाम पायाखाली घातलं. हळद पॉलिश करायच्या ड्रमचा पट्टा उघडाच फिरत हुता, बायकांचा पदर कवाबी गुतला असता. त्याला जाळी बसिवली. बोर्डाला उघडी वायर हुती ती काढली. जिन्याची फुटल्याली पायरी बांधून घेतली. समदं कागदावर लिवलं. कागदाला खानं हुतं: धोका काय, हुयाची शक्यता किती, झालं तर वाईट किती, आन त्यावर उपाय काय. शक्यतेला एक ते पाच मार्क, वाईटपणाला एक ते पाच मार्क. दोन्हीचा गुणाकार करायचा. पंधरा झालं का खाना लाल. पाचावर आणला का हिरवा. उदयसिंह लाल खाना घिऊन सकाळी गोदामात शिरायचा आन हिरवा करून संध्याकाळी बाहीर पडायचा. हमालांनी त्याचं नावच पाडलं, गुणाकार.

साईराज तर लयच चेष्टेखोर. एकदा डबा खाताना म्हणला, "सायेब, माझ्या लग्नाचा बी गुणाकार मांडा की. शक्यता एक, वाईटपणा पाच."

"पाच झालं की," उदयसिंह म्हणला. "हिरवा खाना. कर बिनधास्त."

हमाल पोट धरून हसलं. केरबा बी हसला, दात नसल्याल्या तोंडानं. पोरगं त्याला लय प्यारं. बाप लवकर गेल्याला, आज्यानंच वाढिवल्यालं. पेवात उतरायचं काम बी आज्यानंच शिकिवलं. पेवाचं तोंड कसं फोडायचं, एक दीस एक रात कसं उघडं टाकायचं, लिंबाचा डहाळा दोरीला बांधून वर-खाली कसा घुसळायचा. आन मग कंदील लावून खाली सोडायचा. वात नीट जळली तर उतरायचं. वात तांबडी पडली, बसली, तर माणसानं पाय बी ठेवायचा न्हाई. केरबा पोरगा हुता तवापास्नं, सत्तावन वर्सं त्यो कंदील बघूनच उतरला. म्हातारा आपल्या भाषेत सांगायचा, "पेवात वारं मरतं. दिवा जगला तर आपुन जगणार."

ह्ये त्यानं उदयसिंहाला बी सांगितलं हुतं. उदयसिंहानं कागदावर लिवून बी घेतलं. नववी ओळ: पेवात गुदमरणे, शक्यता तीन, वाईटपणा पाच, पंधरा, लाल. उपाय: हवा मोजण्याचे मीटर येईपर्यंत उतरण्यापूर्वी पारंपरिक दिवा-चाचणी. खाना हिरवा.

पण त्याच कागदावर त्याच्या आधी चौथी ओळ हुती. हळदीचा धुरळा हवेत असताना कंदिलाची उघडी ज्योत, आग लागणे. शक्यता तीन, वाईटपणा पाच, पंधरा, लाल. उपाय: रॉकेलचे कंदील बंद, बॅटरीचे दिवे वापरणे. खाना हिरवा. उदयसिंहानं केरबाला न सांगता त्याचा कंदील कपाटात घालून कुलूप लावलं आन बाजारातनं बॅटरीचा एलईडी दिवा आणला, वरनं कडी असल्याला, कंदिलासारखाच दिसणारा. शेठनं कागद बघितला, दोन्ही खानं हिरवं, मान डुलवली. गिऱ्हाइकानं तिकडनं बघितला, त्यानं बी मान डुलवली. चौथी ओळ आन नववी ओळ एकाच पानावर, मधी चार बोटांचं अंतर. उदयसिंहानं त्या आपल्या हातानं लिवल्या आन त्याला दिसल्या न्हाईत.

त्या दिवशी झालं असं. ट्रक दुपारी बाराला येणार हुता. पेवाचं तोंड आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला फोडल्यालं. केरबाच्या हिशेबानं आणखी सहा तास पायजे हुतं, पण शेठ म्हणला ट्रक थांबणार न्हाई, आन केरबा म्हणला, बरं, दिवा बघून ठरवू. त्यातच म्हाताऱ्याची मिरजंला डोळं दाखवायची तारीख. जाताना त्यो उदयसिंहाला म्हणला, मी येस्तवर तुमी तेवढा दिवा सोडून बघा, पाव तास ठेवा, हालचाल करू नगा.

उदयसिंहानं पाव तास न्हाई, घड्याळ लावून ईस मिन्टं ठेवला. पेवाच्या तोंडाशी पालथा पडून खाली बघत ऱ्हायला. दिवा दोरीच्या टोकाला पांढराफेक जळत हुता. कुठं थरथर न्हाई, कुठं तांबडा न्हाई. फौजीनं कागद काढला, लिवलं: दिवा-चाचणी, २० मिनिटे, समाधानकारक. सही ठोकली. दिवा तसाच खाली सोडून दिला, उतरणाऱ्याला उजेड हुईल म्हणून.

साडेअकराला केरबा आला. डोळ्यात औषध घातल्यालं, काळा चष्मा लावल्याला, दोन हातावरचं माणूस बी धुकट दिसत हुतं त्याला. त्यानं एवढंच इचारलं, "दिवा जळला का नीट?"

"जळला," उदयसिंह म्हणला. "ईस मिन्टं ठणठणीत जळला आबा."

फौजीचा शबूद. पोरानं बी वाकून बघितलं, खाली कंदिलासारखा दिवा लखलखत हुता. म्हाताऱ्यानं नातवाच्या पाठीवर थाप मारली आन म्हणला, उतर.

उतरायच्या आधी एक भांडण झालं त्ये बी सांगाया पायजे. उदयसिंहानं साईराजला कमरंला पट्टा आन पट्ट्याला दोर बांधायला लावला. पोरगं कुरकुरलं. केरबा म्हणला, आमी काय म्हशी हाय व्हय दाव्याला बांधाया? उदयसिंह म्हणला, पट्टा न्हाई तर काम न्हाई, शेठला बोलवा. तवा कुठं पोरानं पट्टा बांधला, दोर पाटी वर वढायच्या चाकावरनं घेतला, आन खांदं आवळून आत गेलं. पहिली पाटी भरून वर आली. दुसरी आली. दुसरी निम्मीच भरल्याली. तिसऱ्या पाटीला खालनं हाक न्हाई.

उदयसिंह पालथा पडला. खाली हळकुंडांच्या ढिगावर साईराज एका कुशीवर पडल्याला, तोंड उघडं, हात पाटीत. आन त्याच्या डोक्यापाशी बॅटरीचा दिवा पांढराफेक जळत हुता. अगदी समाधानकारक.

उदयसिंहाच्या मनात काय झालं त्ये त्यालाच सांगता यायचं न्हाई. लय वरनं पाणी पडावं तसं एकदम सगळं उमजलं. पण उमजून बसायला येळ नव्हता. केरबानं चपला काढल्या हुत्या, त्यो आत उडी घालाया निघाल्याला. उदयसिंहानं त्याला कवळ्यात धरून खाली पाडलं, अडुसष्ट वर्साच्या म्हाताऱ्याच्या छातीवर गुडघा ठेवला, आन हमालांवर वराडला, दोर वढा. चौघांनी दोर वढला. पोरगं वर येताना पेवाच्या तोंडाच्या कडंला खांदा खरवडून निघाला. बाहीर काढलं तवा ओठ जांभळावानी झाल्यालं. उदयसिंहानं छाती दाबली, तोंडात तोंड घालून वारं फुकलं, परत दाबली. फौजेत शिकल्यालं तेवढं कामाला आलं. पोरानं एकदा आचका दिला, मग दुसरा. शेठच्या गाडीतनं दवाखान्यात नेलं.

समदी गाडीमागं गेली. पेवापाशी उदयसिंह एकटा ऱ्हायला. त्यानं दोर वढून दिवा वर घेतला. अजून जळतच हुता. बटन दाबलं तवा इझला. तवाच.

मग त्यानं कपाट उघडून केरबाचा कंदील काढला, काडी लावली आन दोरीनं खाली सोडला. कंदील दोन माणसांच्या उंचीइतका खाली गेला. वात तांबडी पडली, बारकी झाली, आन गेली. त्यानं वर घिऊन परत लावला. परत गेली. तिसऱ्या खेपंला बी गेली, आन वर घेताना कंदील पेवाच्या तोंडावर आपटून काच फुटली. तिथंच उकिडवा बसला, काचंचं तुकडं गोळा करत. एक फौजी माणूस, छातीवर सेफ्टी लिवल्यालं पिवळं जाकीट, आन काचंचं तुकडं गोळा करतोय. कुणी बघितलं न्हाई. कुणी बघितलं असतं तर बरं झालं असतं.

पुढं झालं त्ये ह्याच्यापेक्षा वंगाळ. शेठनं गोदामाच्या ग्रुपवर टाकलं, आपल्या सेफ्टी सायबांनी प्राण वाचवले. साईराजच्या कमरंच्या पट्ट्याचा फोटो टाकला. खाली अंगठंच अंगठं. कोरेगावला बातमी कुणी पोचिवली कुणाला ठावं, तिकडनं जुन्या पलटणीतल्या मित्रांचं जय हिंद आलं. बायको रेश्मानं फोन केला, म्हणली पोरगी शाळंत सगळ्यांना सांगत सुटलीया, माझ्या पप्पांनी माणूस वाचिवला. उदयसिंह म्हणला, तिला सांग गप ऱ्हा म्हणून. रेश्माला वाटलं, नवरा इनम्र हाय. दवाखान्यात पहिल्या रातीच साळूबाईनं त्याच्या पायावर डोस्कं ठेवलं. त्यानं पाय मागं घेतलं, भित्तीला टेकंस्तवर घेतलं, तरी म्हातारी पुढं सरकत आली.

दरदिवशी त्यो ठरवून यायचा, आज सांगायचं. जिना चढताना शबूद जुळवायचा. आबा, एक गोष्ट सांगायची राहिली. आबा, दिवा मी जो सोडला त्यो. वर आला का साळूबाई झाडतच असायची आन म्हातारा चुकलं म्हणत असायचा, आन उदयसिंहाच्या तोंडातनं निघायचं, डॉक्टर काय म्हणतात?   एकदा तर त्याला वाटून गेलं, म्हातारा चुकलं म्हणतोयच की, थोडी चूक त्याची बी हायच की, अठरा तासात उघडलं की. असं वाटलं आन त्याचं त्यालाच शिसारी आली. पण वाटलं, ह्ये खरं.

आज तिसरा दिवस. आज त्यो नुसता मोसंबी घिऊन आला नव्हता. खिशात कागद हुता. सरकारी सायबाला अपघाताचा रिपोर्ट द्यायचा हुता, शेठनं त्यो टाइप करून घेतला हुता. शेठ काय वाईट माणूस न्हवं. त्यो म्हणला, मी माझ्या मनाचं काय लिवलं न्हाई, म्हातारा सोता जे बोलतोय तेवढंच लिवलंय. नियमापेक्षा कमी येळ पेव उघडं ठेवून केरबा यांनी कामगारास खाली उतरवले. खाली केरबाची सही पायजे. म्हाताऱ्याला काय हुणार न्हाई, शेठ म्हणला, फक्त आता त्याला पेवावर बोलवायचं न्हाई, वय बी झालंय. पहिल्या पेवाला त्या सरकारी सायबानं कुलूप घातलं हुतं. दुसऱ्या पेवाचं सायबानं इचारलं न्हाई आन शेठनं सांगितलं न्हाई.

उदयसिंहानं कागद काढला. साळूबाई बाजूला जाऊन बसली. केरबा म्हणला, मला दिसत न्हाई नीट, तुमीच वाचा.

उदयसिंह वाचाया लागला. तारीख वाचली, येळ वाचली, पेवाचं तोंड कवा फोडलं त्ये वाचलं. मग ओळ आली, उतरण्यापूर्वी सेफ्टी सुपरवायझर यांनी दिवा-चाचणी केली, समाधानकारक. तितं त्यो अडला.  परत तारखेपास्नं वाचाया गेला, परत त्याच ओळीवर अडला.

केरबानं हात वर केला. तीन दिवसात पहिल्यांदा म्हातारा चुकलं सोडून दुसरं कायतरी बोलला.

"तेवढंच माझ्या जिवाला लागलंय बघा सायेब. दिवा जळत हुता म्हणता. दिवा जळत हुता म्हंजी वारं हुतं. मग पोरगं पडलं कसं? सत्तावन वर्सं दिवा बघतोय. दिवा कवा खोटं बोलला न्हाई. आता वाटतंय, का पहिल्यापास्नंच खोटं बोलत हुता आन आमी नशिबानं जगलो? रातभर ह्येच. बानं शिकिवलं त्ये बी खोटं, मी पोराला शिकिवलं त्ये बी खोटं." त्यानं पेन मागितला. "आणा. कुठं करू सही?"

उदयसिंहानं पेन दिला. खरं सांगायचं तर त्यानं पेन दिला. म्हाताऱ्याच्या बोटात नीट बसंना म्हणून बोटं धरून बसिवला बी.

आन तवाच खिशात फोन वाजला. मेसेज. शेठच्या पोराचा, जिनेंद्रचा, गोदामाच्या ग्रुपवर. फोटो हुता. दुसऱ्या पेवाचं तोंड, तितं दोरीला टांगल्याला त्योच बॅटरीचा दिवा, पांढराफेक. खाली लिवल्यालं, ह्या वेळी पूर्ण चोवीस तास झाले. दिवा-चाचणी ओके. चार वाजता माणूस उतरवतो. दिवा सेफ्टी सायबांचाच. पुढं हात जोडल्यालं चित्र.

उदयसिंहानं घड्याळ बघितलं. साडेतीनला पाच कमी. त्यानं जिनेंद्रला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. शेठला लावला. उचलला न्हाई. गोदामात पॉलिशचा ड्रम चालू असला का कानाला लावल्याला फोन बी ऐकू येत न्हाई, ह्ये त्यानंच कागदावर अकराव्या ओळीत लिवलं हुतं. ग्रुपवर लिवलं, थांबा, उतरवू नका. बोटं भलत्याच अक्षरावर पडली. परत लिवलं. कुणी बघितल्याचं दिसंना. परत फोन लावला.

केरबा पेनाचं टोक कागदावर टेकवून थांबला हुता. "हितंच करू ना?" म्हणला.

उदयसिंहानं त्याच्या हातातनं कागद वढला. वढताना पेनानं आडवी रेघ पडली. मग जे तीन दिवस जिन्यावर जुळवून जुळवून आणलं हुतं, त्यातला एक बी शबूद त्याला आठवला न्हाई. गटार तुंबल्यालं सुटावं तसं भडाभडा बाहीर आलं. आबा, त्यो कंदील नव्हता. तुमचा कंदील मी कपाटात घातला हुता. मी सोडला त्यो बॅटरीचा दिवा, त्याला वारं लागतच न्हाई, त्यो इहिरीत पाण्याखाली बी जळंल. तुमचं पोरगं पडलं तवा बी जळत हुता. मागनं मी तुमचा कंदील सोडून बघितला, तीनदा इझला, तीनदा. मला पहिल्या दिवसापास्नं ठावं हाय. आन आता तिकडं दुसऱ्या पेवावर त्येच चाललंय, माझा कागद बघून चाललंय.

केरबा त्याच्याकडं बघत ऱ्हायला. काळा चष्मा आज नव्हता, डोळं लाल आन ओलं हुतं, पण बघत हुतं सरळ. रागावला न्हाई. उलटं त्याच्या तोंडावर कायतरी उतरल्यासारखं झालं, वझं खाली ठेवल्यावर हमालाच्या मानंला हुतं तसं.

"म्हंजी दिवा खोटं बोलला न्हाई," त्यो म्हणला. आपल्याशीच म्हणला.

"न्हाई आबा."

साळूबाई कवा उठून जवळ आली त्ये उदयसिंहाला कळलं न्हाई. तिनं समदं ऐकलं हुतं. डोईवरचा पदर मागं पडल्याला, तिनं परत घेतला न्हाई. त्याला वाटलं, आता म्हातारी वराडंल, मुस्काटात दील. दिली असती तर त्यानं दुसरा गाल बी पुढं केला असता. पण ती वराडली न्हाई. नवऱ्याच्या शेजारी बाकड्यावर बसली, त्याच्या खांद्याला खांदा लावून, तीन दिवसात पहिल्यांदा. आन खालच्या आवाजात, पावण्याला गावाचं नाव इचारावं तसं इचारलं.

"मी ह्यास्नी तीन दिवस शिव्या देती हाय. तुमी हितंच हुता न्हवं?"

"व्हय."

"रोज हुता."

"व्हय मावशी. रोज हुतो."

"मी पाया पडले तवा बी तुमाला ठावं हुतं."

 उदयसिंहाचा फोन कानाला तसाच, पल्याड नुसती घंटी वाजतीया. मोसंब्यांची पिशवी पायापाशी पडल्याली, एक मोसंबं घरंगळत काचंच्या दारापातूर गेल्यालं. म्हातारी त्याच्या तोंडाकडं बघत हुती आन नजर काढत नव्हती. आणखी कायतरी तिला इचारायचं हुतं, ओठ हालत हुतं. त्यानं ऐकून घ्यायला पायजे हुतं, उभं ऱ्हाऊन, शेवटपातूर. तेवढं तरी तिचं देणं लागत हुता त्यो. भित्तीवरच्या घड्याळात साडेतीन झालं.

"मावशी, आल्यावर तुमी म्हणाल तितं उभा ऱ्हातो," त्यो म्हणला, आन गाडीची चावी काढताना हात खिशात अडकला, "पण तिकडं माणूस पट्टा बांधाया लागला आसंल. मला आता निघायला पायजे."